बाळाचं डोकं कुठे आहे?

सातव्या महिन्यात डोहाळजेवण आटोपून मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते, तेव्हा कपड्यांच्या बॅगेबरोबर दवाखान्याची फाइलही येते. माहेरच्या डॉक्टरकडे नाव घालायच्या आधीच घरातलं कुणीतरी ती चाळतं आणि सोनोग्राफीच्या कागदावर ‘ब्रीच’ हा शब्द सापडतो. मग फोन सुरू होतात. कुणी सांगतं, बाळ पायाळू आहे, सिझर ठरलेलंच. कुणाला पोट चोळून बाळ फिरवून देणारी बाई ठाऊक असते. या धांदलीत एक गोष्ट मात्र कुणी पाहत नाही, ती म्हणजे कागदावरची तारीख.

२८व्या आठवड्याच्या आसपास चार-पाच बाळांमागे एखादं बाळ डोकं वर आणि कुल्ले खाली असं असतंच. दिवस भरेपर्यंत हे प्रमाण शंभरात तीन ते चारवर येतं. म्हणजे सातव्या महिन्यात ‘ब्रीच’ दिसलेली बहुतेक बाळं कुणीही हात न लावता आपली आपण फिरतात. गर्भजल ३४व्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त, साधारण ८०० मिलिलिटर असतं. तोवर बाळाला कोलांट्या मारायला जागा असते. पुढे बाळ वाढतं आणि पाणी कमी होत जातं. गर्भाशय वरच्या बाजूला ऐसपैस आणि खाली निमुळतं असल्यामुळे कुल्ले आणि दुमडलेले पाय असा मोठा ऐवज वर जातो, डोकं खालच्या जागेत बसतं. ३६व्या आठवड्यानंतरही ज्याचं डोकं वरच आहे, त्या बाळाचा मात्र नीट विचार करावा लागतो.

रिपोर्टवरचे शब्द आधी समजून घेतले तर निम्मी भीती जाते. ‘सिफॅलिक’ किंवा ‘व्हर्टेक्स’ म्हणजे डोकं खाली. ‘ब्रीच’ म्हणजे कुल्ले किंवा पाय खाली. ‘ट्रान्सव्हर्स लाय’ म्हणजे बाळ आडवं, ‘ऑब्लिक’ म्हणजे तिरकं. ‘अनस्टेबल लाय’ लिहिलं असेल, तर शेवटच्या आठवड्यांतही बाळ दर तपासणीला वेगळ्या स्थितीत सापडतंय, असा अर्थ. ‘एलओए’, ‘आरओपी’ अशी तीन अक्षरं डोक्याची मागची बाजू कुठे आहे ते सांगतात: पहिलं अक्षर आईची डावी-उजवी बाजू, शेवटचं अक्षर पुढे की मागे. हे सगळं डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं. काही घरांत सोनोग्राफीच्या खोलीत काही विचारायचंच नाही, असा समज असतो. १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने बंदी आहे ती बाळाचं लिंग सांगण्यावर. बाळ कसं झोपलंय, वार कुठे आहे, पाणी किती आहे, हे जाणून घेण्याचा आईला पूर्ण अधिकार आहे. जाता जाता: बाळ उजवीकडे असेल तर मुलगा, हे सांगणाऱ्यांना शरीरशास्त्रात कुठलाही आधार नाही.

सोनोग्राफी येण्याच्या कितीतरी आधी सुइणी आणि डॉक्टर हे काम हातांनी करत होते. फ्रान्सच्या अदोल्फ पिनार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोटावरून हातांनी बाळ तपासण्याची पद्धत रुजवली आणि १८९५मध्ये बाळाचे ठोके ऐकण्यासाठी कर्ण्यासारखी नळी बनवली. त्याच दशकात जर्मनीच्या ख्रिस्तियान लिओपोल्ड यांनी ही तपासणी चार पायऱ्यांत बसवली. नर्सिंगच्या विद्यार्थिनी आजही त्याच चार पायऱ्या शिकतात, आणि उपकेंद्रातली एएनएम सिस्टर पोटावर हात ठेवते तेव्हा त्याच वापरत असते. आधी दोन्ही तळवे गर्भाशयाच्या वरच्या टोकाला, बरगड्यांखाली: तिथे डोकं आहे की कुल्ले? मग दोन्ही बाजूंना: पाठ कुठल्या अंगाला आहे? मग एका हाताने ओटीपोटाच्या वर: खाली आलेला भाग हलतो की बसला आहे? शेवटी सिस्टर आईच्या पायांकडे तोंड करून उभी राहते आणि बोटं खाली सरकवत डोकं किती उतरलंय ते पाहते.

यातला बराचसा भाग आईला स्वतःलाही हळुवारपणे जाणवून घेता येतो. साधारण आठव्या महिन्यापासून ते जमू लागतं. लघवीला जाऊन यावं, कारण भरलेलं मूत्राशय खालचा भाग झाकतं. पाठीला दोन-तीन उशा लावून, गुडघे दुमडून अर्धवट टेकून बसावं. अगदी उताणं पडून राहणं या दिवसांत बरं नसतं. गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, घेरी येते, बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं. पोट मधूनच दगडासारखं कडक होत असेल तर ते सैल होईपर्यंत थांबावं. तेल चोपडायची गरज नाही. बोटांच्या टोकांनी टोचू नये. तळवा सपाट ठेवून हलका दाब दिला की पुरतो.

बेंबीवरून एक उभी आणि एक आडवी रेघ कल्पून पोटाचे चार भाग करावेत. आणि हात लावण्याआधी एक-दोन दिवस नुसतं लक्ष द्यावं: जोरदार लाथा कुठल्या भागात बसतात, बारीक चुळबुळ कुठे होते? पाय जोरात झटकले जातात, हातांची हालचाल बोटं फिरवल्यासारखी लहान असते. उजव्या बरगडीखाली दणके बसत असतील आणि ओटीपोटात खोलवर चुळबुळ असेल, तर डोकं खाली, पाठ डावीकडे असण्याची शक्यता जास्त. लाथा मूत्राशयावर बसत असतील, दर अर्ध्या तासाने लघवीला पळवत असतील आणि बरगड्यांखाली एक टणक गोळा श्वास घेताना टोचत असेल, तर डोकं वर असू शकतं. बाळाला उचकी लागली की ठेक्यात बारीक धक्के जाणवतात. ते बेंबीच्या बरंच खाली असतील तर ते डोकं खाली असल्याच्या बाजूचं चिन्ह. एका उचकीवरून मात्र निकाल देऊ नये.

हाताला काय लागतं, हे सरावाने कळतं. पाठ म्हणजे एका अंगाला लागणारा लांब, गुळगुळीत, भरीव पट्टा. तिच्या समोरच्या अंगाला पोट मऊ लागतं आणि मधेच गुडघा, टाच, कोपर असे छोटे उंचवटे येतात आणि सरकून जातात. खरा गोंधळ डोकं आणि कुल्ले यांच्यात होतो, कारण दोन्ही गोल. डोकं अधिक टणक आणि नेटकं गोल असतं. मानेमुळे ते एकटंच हलतं: एका बाजूने हलकेच ढकललं की पाण्यात तरंगणाऱ्या नारळासारखं बाजूला जाऊन परत येतं. कुल्ले रुंद, थोडे मऊ असतात आणि ते हलवले की सगळं बाळ हलतं. वर लागलेला गोळा असा एकटा हलत असेल तर तो डोक्याचा असण्याची शक्यता धरावी आणि पुढच्या तपासणीत तसं सांगावं.

ठोके हा आणखी एक पुरावा. ते बाळाच्या पाठीच्या बाजूने स्पष्ट ऐकू येतात. डोकं खाली असलेल्या बाळाचे ठोके सहसा बेंबीच्या खाली, पाठ असेल त्या अंगाला सापडतात; पायाळू बाळाचे बेंबीच्या बरोबरीने किंवा वर. तपासणीच्या वेळी सिस्टर यंत्र नेमकं कुठे टेकवते, एवढं पाहिलं तरी पुरे.

काही जणींना यातलं काहीच नीट कळत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीवर असेल तर ती लाथा आणि हात यांच्यामध्ये येते. पाणी जास्त असेल, पोटावर चरबी असेल, जुळी असतील, तर अनुभवी हातही चाचपडतो. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर वार ‘अँटिरिअर’ आहे का, हे पाहिलं तर कोडं उलगडतं.

अनुभवी हात तरी किती बिनचूक? सिडनीत ३५ ते ३७ आठवड्यांच्या १,६३३ गर्भवतींची आधी हातांनी आणि मग सोनोग्राफीने तपासणी झाली. तो अभ्यास २००६मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. डोकं खाली नसलेल्या दर दहा बाळांपैकी सात हातांनी ओळखली गेली, तीन निसटली. ती तपासणी प्रशिक्षित लोकांची होती. म्हणून घरच्या अंदाजाची किंमत एवढीच: बाळाशी ओळख वाढते आणि दवाखान्यात नेमका प्रश्न विचारता येतो. ३६व्या आठवड्यात कुणाला थोडीही शंका असेल, तर सोनोग्राफीच करून घ्यावी. सरकारी यंत्रणेत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची मोफत तपासणी होते. ३६वा आठवडा जवळ आला असेल तर ती तारीख चुकवू नये.

डोकं खाली आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘फिक्स’ झालंय का? पहिलटकरणीत ते बऱ्याचदा शेवटच्या काही आठवड्यांत कटिभागात उतरतं. मग श्वास मोकळा होतो, जेवण जातं, पण चालताना खाली जड वाटतं. डॉक्टर डोक्याचे पाच भाग कल्पतात, आणि पोटावरून दोनच भाग हाताला लागत असतील तर डोकं बसलं म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळा सुरू होईपर्यंत डोकं वर तरंगत राहणं नेहमीचं आहे. पहिलटकरणीतही कळांबरोबरच डोकं उतरण्याची उदाहरणं कमी नाहीत. ‘अजून फिक्स नाही’ एवढ्या एका वाक्यावरून सिझरची तारीख ठरत असेल, तर कारण काय, वार खाली आहे का, कटिभाग अरुंद वाटतो का, हे विचारायलाच हवं.

डोकं खाली, पण बाळाची पाठ आईच्या पाठीला लागलेली, अशीही एक स्थिती असते. पोट बेंबीभोवती थोडं बसकं दिसतं, पुढच्या बाजूला सगळीकडे हातपाय लागतात. कळा लांबू शकतात, कंबर फार दुखते. यावर बराच उपदेश होतो: जमिनीवर हातगुडघ्यांवर ओणवं राहा, फरशी पुसा, बाळ फिरेल. ऑस्ट्रेलियात हे तपासून पाहिलं गेलं. २,५४७ गर्भवतींपैकी एका गटाने ३७व्या आठवड्यापासून रोज दोनदा दहा-दहा मिनिटं ओणवं राहून कंबर हलवण्याचा व्यायाम केला. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जन्माच्या वेळी तशाच स्थितीत असलेल्या बाळांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, आठ टक्क्यांच्या आसपास. कंबरेला आराम वाटत असेल तर ओणवं जरूर व्हावं. पण नवव्या महिन्यातल्या बाईला फरशी पुसायला लावून बाळ फिरवण्याचा हट्ट सासरी-माहेरी कुणीच धरू नये. कळा सुरू असताना यातली बहुतेक बाळं स्वतःच वळतात.

आता ३६व्या आठवड्यानंतरही पायाळू राहिलेलं बाळ. पहिलं काम कारण शोधण्याचं. वार खाली असणं, गर्भाशयात गाठ किंवा पडदा, पाणी फार जास्त किंवा फार कमी असणं, जुळी बाळं, अशी कारणं सोनोग्राफीत दिसतात. बऱ्याचदा कारण सापडतही नाही. आईने काही खाल्लं, कुठल्या कुशीवर झोपली, ग्रहणात बाहेर पडली, यातल्या कशाचाही संबंध नाही. पायाळू माणसाने लाथ मारली की धरलेली कंबर सुटते, त्याच्यावर वीज पडते, त्याला जमिनीतलं धन दिसतं, असे समज गावोगावी ऐकू येतात. एकालाही आधार नाही. गुप्तधनाचा समज तर धोकादायक आहे. असल्या नादातून होणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्धच महाराष्ट्राने २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला.

दुसरं काम म्हणजे बाळ फिरवून घेता येईल का, हे तज्ज्ञ डॉक्टरांना विचारणं. पोटावरून हातांनी बाळ फिरवण्याची वैद्यकीय पद्धत आहे, तिला ‘ईसीव्ही’ म्हणतात. पहिल्या खेपेला ३६व्या आणि नंतरच्या खेपांना ३७व्या आठवड्यापासून ती केली जाते. गर्भाशय सैल करणारं इंजेक्शन देतात, आधी आणि नंतर ठोके तपासतात, सोनोग्राफी बाजूला असते आणि गरज पडली तर लगेच सिझर करता येईल अशा रुग्णालयातच ती होते. साधारण निम्म्या जणींमध्ये बाळ फिरतं. पहिल्या खेपेला दहात चार, नंतरच्या खेपांना दहात सहा. दोनशेत एखादीला त्यानंतर तातडीचं सिझर लागतं. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, जुळी असतील, तर ही पद्धत वापरत नाहीत. सगळ्याच दवाखान्यांत ती होत नाही, म्हणून ३६व्या आठवड्यातच विचारलेलं बरं. नंतर वेळ हातातून जातो.

आणि पोट चोळणारी बाई? तिचे हात मायेचे असतील, पण तिच्याकडे ठोके ऐकायचं साधन नसतं, वार कुठे आहे हे तिला दिसत नाही, आणि वार सुटून रक्तस्राव सुरू झाला तर ऑपरेशनची खोली शेजारी नसते. बाळ फिरवण्यासाठी घरी पोट चोळून घेऊ नये, यात कुठलीही सवलत नाही.

बाळ फिरलं नाही तर नैसर्गिक प्रसूती की सिझर, हा निर्णय उरतो. पायाळू जन्मात अंग आधी येतं आणि सर्वांत मोठा भाग, डोकं, शेवटी. तिथेच अडचण होते. २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनमध्ये जर्मनीचा पुढचा सम्राट दुसरा विल्हेल्म असाच पायाळू जन्मला. ओढाताणीत डाव्या खांद्याच्या नसांना इजा झाली, आणि तो हात आयुष्यभर दुबळा आणि उजव्यापेक्षा आखूड राहिला. राजघराण्याचे डॉक्टर हाताशी असतानाची ही गोष्ट. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये २६ देशांतल्या २,०८३ गर्भवतींवरचा अभ्यास आला. ठरवून सिझर केलेल्या गटात बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा १.६ टक्के, नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केलेल्या गटात ५ टक्के. तेव्हापासून जगभर पायाळू बाळासाठी सिझरकडे कल झुकला. त्याच मुलांना दोन वर्षांनी तपासलं तेव्हा मृत्यू आणि वाढीतले दोष यांत दोन्ही गटांत फरक उरला नव्हता, हेही सांगायला हवं. निवडक आईबाळांसाठी, अनुभवी हात आणि तयार ऑपरेशन थिएटर असेल तिथे, नैसर्गिक प्रसूती आजही होते. जिथे हे दोन्ही नाही, तिथे ठरवलेलं सिझरच सुरक्षित.

आडव्या बाळाला मात्र पर्याय नसतो. पोट उंचीपेक्षा रुंदीला भरलेलं दिसतं, वरही डोकं लागत नाही आणि खालीही नाही, दोन्ही कुशींना गोळे लागतात. दिवस भरल्यावर सुमारे तीनशे गर्भवतींमागे एकीचं बाळ असं असतं. कळा सुरू झाल्यावर आडवं राहिलेलं बाळ खालून जन्मू शकत नाही. आजीच्या पिढीतल्या ‘बाई अडली’ या गोष्टींत यातल्या किती तरी असतील. शिवाय खालची जागा रिकामी असल्यामुळे पाणमोट फुटताच नाळ खाली घसरू शकते. पाय खाली असलेल्या पायाळू बाळातही हा धोका असतो. म्हणून अशा गर्भवतीने ३७व्या आठवड्यानंतर कुठे राहायचं, रुग्णालयात आधीच दाखल व्हायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. घरी पाणी गेलंच आणि नाळ बाहेर जाणवली, तर ती हाताने आत ढकलू नये. गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून कंबर उंच ठेवावी आणि लगेच १०८वर फोन करावा. गर्भवतींना दवाखान्यात नेण्यासाठी १०२ची गाडीही मोफत मिळते. सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझरसुद्धा, २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. पैशांपायी वाट पाहत बसू नये.

स्थिती शोधण्याच्या नादात एक गोष्ट मागे पडता कामा नये: बाळाची हालचाल. डोकं खाली असो वा वर, बाळ नेहमीपेक्षा कमी हलतंय असं आईला वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शेवटच्या दिवसांत जागा कमी म्हणून बाळ शांत होतं, असं घरोघरी सांगितलं जातं. ते खरं नाही. हालचालींची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी अंग घुसळल्यासारखं जाणवतं, पण हालचाल थंडावत नाही. घरच्या घरी ठोके ऐकायचं यंत्र आणून मनाची समजूत घालणं तर धोक्याचं आहे, कारण ठोके सुरू असतानाही बाळ त्रासात असू शकतं.

बाळ सुखरूप हातात आल्यावर बहुतेक घरांत ‘ब्रीच’ हा शब्द विसरला जातो, पण तो लक्षात ठेवायला हवा. ३६व्या आठवड्यानंतर पायाळू असलेल्या बाळांमध्ये, मग ती सिझरने जन्मलेली असोत किंवा शेवटी फिरलेली, खुब्याचा सांधा नीट न बसण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. ते लवकर कळलं तर पट्ट्याने सुधारतं, चालायला लागल्यावर कळलं तर ऑपरेशनची वेळ येते. अशा बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळू नयेत, मांड्या मोकळ्या फाकतील एवढी जागा ठेवावी. डिस्चार्ज कार्डवर ‘ब्रीच’ ही नोंद करून घ्यावी, आणि बाळ दीड महिन्याचं झालं की पहिल्या लसीकरणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना ती दाखवून दोन्ही खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यावी.